डेव्हीह्यूमचा बुडबुडा

मँचेस्टरला गेलेला प्रवासी जुन्या गिरण्या आणि रायलँड्सचें ग्रंथालय पाहून परततो. पश्चिमेस जहाजांच्या कालव्याकांठीं असलेल्या डेव्हीह्यूमच्या सांडपाणी-शुद्धीकरण केंद्राकडे सहसा कोणी फिरकत नाहीं. वास्तविक तेंही एक तीर्थच! फाउलर यांच्या प्रेरणेनें आर्डर्न व लॉकेट या रसायनज्ञांनीं येथील सांडपाणी बाटल्यांत भरून त्यांत हवा फुंकली. प्रथम पाणी शुद्ध होण्यास सुमारें पांच आठवडे लागले. परंतु तळचा गाळ न टाकतां त्यावरच नवें सांडपाणी ओतीत गेल्यावर तें काम एका दिवसाच्या आंत होऊं लागलें. घाण खाणारे सूक्ष्म जीव गाळांतच पोसले होते. विरजणासाठीं दह्याची कवडी राखणाऱ्या गृहिणीस हें मर्म सांगावयास नको. 1914 सालीं हा शोध प्रसिद्ध झाला; फाउलर 1916 सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्राध्यापक म्हणून आले.

या जीवांना श्वास पुरवितांना अशा केंद्रांची बहुधा निम्मी वीज खर्चीं पडते. कारण मोठा बुडबुडा प्राणवायु पुरता देण्यापूर्वींच वर येऊन फुटतो. मिलिमीटरच्या पांच हजाराव्या हिश्शाहून लहान असा ‘नॅनो’ बुडबुडा मात्र पाण्यांतच रेंगाळतो. तो घडविण्यासही वीज लागतेच. म्हणून खरी बचत प्रत्येक ठिकाणीं मोजूनच ठरवावी लागते.

मोरीपलीकडे आपला संबंध संपला, असें आपण मानतों. पण तेंच पाणी खालच्या गांवाच्या घाटावर पोंचतें, आणि तेथें कोणाची तरी आई घागर भरीत असते.