रिकामी पोती आणि मुरमापर्यंतचा खड्डा

वनराई बंधारा घालायचा तर सिमेंटची रिकामी पोती लागतात, आणि ती जमवणं हेच शिबिराचं पहिलं काम असतं. लोहाऱ्यात राहणाऱ्या पोरांना त्याची चिंता नव्हती. यवतमाळ शहर पसरत पसरत लोहाऱ्याला येऊन भिडलंय. तिथं एमआयडीसी आहे, जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कुठं ना कुठं स्लॅब पडतच असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ज्या पथकासोबत मी त्या हिवाळ्यात जवळच्या एका खेड्यात मुक्कामी होतो, त्यातल्या मुलांनी मोटरसायकलवर गठ्ठे बांधून पोती आणली होती. सिमेंटच्या धुळीनं सगळ्यांचे केस पांढरे.

रासेयो सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. स्वयंसेवकानं दोन वर्षांत २४० तास सेवा द्यायची आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, अशी तिची साधारण रीत. प्रमाणपत्रासाठी येणारे असतातच. ते लपूनही राहत नाहीत. फोटोच्या वेळी फावडं बरोबर त्यांच्याच हातात असतं.

पहिल्या सकाळी प्रभातफेरी निघाली आणि मग झाडझूड. पण कापूस वेचणीचे दिवस. आठ वाजेपर्यंत बाया-माणसं वावरात गेलेली, गावात म्हातारे आणि कोंबड्या. पोरं रिकामा रस्ता झाडत होती. ओट्यावर बसलेल्या एका काकाजींना राहवलं नाही. ‘‘झाडून काय करता बाप्पा? हापशीजवळ पानी तं तुंबलंच हाय!’’

तिथून शिबिराची गाडी रुळावर आली, असं माझं मत. हातपंपाजवळ शोषखड्डा घ्यायचं ठरलं. पथकात स्थापत्य शाखेचे विद्यार्थी. त्यांनी मीटरभर लांब, तेवढाच रुंद आणि खोल खड्डा आखला. खाली मोठे दगड, वर गिट्टी, त्यावर वाळू, सगळं पुस्तकात असतं तसं. काकाजी पुन्हा उठून आले. ‘‘काळ्या मातीत पानी मुरत नाई. मुरूम लागेपर्यंत खंदा.’’ पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही, हे त्यांनी परीक्षेत लिहिलेलं होतं. पण आखणी करताना कुणाला आठवलं नव्हतं! सब्बल पुन्हा चालू झाली. संध्याकाळी तांबूस मुरूम लागला तेव्हा खड्डा आखलेल्या मापापेक्षा बराच खोल गेला होता आणि हातांना फोड आले होते.

बंधाऱ्याचं काम त्या मानानं सोपं. मोहन धारियांच्या ‘वनराई’मुळे हे नाव गावोगाव पोचलेलं. पावसाळा सरला की नाल्याची धार बारीक होते, तेव्हाच तो घालायचा. पोत्यात माती-वाळू भरायची, दाभण-सुतळीनं तोंड शिवायचं आणि विटांसारखी सांधेमोड करत थर लावायचे. पाण्याकडच्या अंगाला चिकणमाती. मुली शिवण्यात भराभर पुढे गेल्या आणि मुलांचं दाभण बोटात जात राहिलं. हा बंधारा पुढच्या पुरात वाहून जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोवर गुरांना पाणी आणि शेजारच्या विहिरींना थोडा आधार. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह प्रकल्पांनी तळ गाठला आणि यवतमाळ टँकरवर आलं. ते दिवस पाहिलेल्या घरांतली मुलं यात होती. त्यांना पाण्याचं महत्त्व सांगायला वक्ता बोलवायची गरज नव्हती.

वक्ते मात्र आलेच. बौद्धिक सत्रात एकानं व्यक्तिमत्त्व विकासावर तासभर घेतला. मागच्या रांगा पेंगल्या, आणि दिवसभर माती उपसलेल्या पोरांनी पेंगू नये तर काय करावं? हे पथक संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं. ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे, ते बाबा दिवसा खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्नामागून प्रश्न विचारत. शिबिरानं त्यांचं वेळापत्रक उचललंय, प्रश्न तेवढे राहून गेलेत.

दुसऱ्या दिवशी रात्री ते बदललं. २०१७मध्ये याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला होता. पोरं त्यावर व्याख्यान न देता वही घेऊन घरोघरी गेली. फवारता कधी? हातमोजे घालता का? औषध कालवता कशानं? एका घरी संरक्षक किट खुंटीला टांगलेलं, नवं कोरं. मालक म्हणाला, ‘‘उकाड्यात थे घालून पाहा एकदा, मंग विचारा.’’ एका मुलानं खरंच घातलं, चेन वर ओढली. डिसेंबरातल्या थंडीतही तो थोड्याच वेळात घामेजला. त्याच्या वहीत पुढे फवारणीची वेळ, वाऱ्याची दिशा, कापडाची जाडी अशी टिपणं वाढत गेली.

शेवटच्या दिवशी समारोप, शाल-श्रीफळ, मान्यवर. ते उरकल्यावर काकाजी कार्यक्रम अधिकाऱ्यांपाशी आले. पुढच्या खेपेला मे महिन्यात या, नाल्यातला गाळ काढायचा आहे, म्हणाले. सरांनी विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षेची अडचण सांगितली. मग दोघं तिथंच उभ्या उभ्या तारखांचा घोळ घालत बसले, आणि बस हॉर्न देत राहिली.