न जुळणारा जोड



रामवाडीस माझ्या घरीं लिहिण्याच्या टेबलावर एक लहानसें विमान उभें आहे. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत तें जेमतेम दहा सेंटिमीटर भरेल. त्याला रंग दिलेला नाहीं, पाठीवर एक उंचवटा राहिला आहे, आणि डाव्या पंखाच्या मुळाशीं फट स्पष्ट दिसते. घरीं येणारे पाहुणे विचारतात, "सर, ही फट बुजवायची राहिली का?" मी "राहूं द्या" एवढेंच म्हणतों. ती फट मीं कां राहूं दिली, हें आज सांगणार आहें. सांगण्यांत थोडी लाज आहे. परंतु जी चूक मुलांसमोर केली, ती मुलांच्या वार्षिकांत लिहिण्यास संकोच करणें उचित नव्हे.

हा छंद मला मुंबईस मिशनच्या कॉलेजांत शिकत असतांना लागला. फोर्टांत फुटपाथवरील जुन्या पुस्तकांच्या ढिगाशेजारीं मला पुठ्ठ्याचा एक चेपलेला खोका मिळाला. आंत राखी रंगाच्या प्लॅस्टिकच्या चौकटींना देठांनीं चिकटलेले विमानाचे भाग होते. देठ तोडावे, भाग जोडावे, रंग द्यावा, कीं विमान तयार, असें खोक्यावरील चित्र पाहून वाटे. प्रत्यक्षांत तें तसें नसतें, हें त्याच रात्रीं कळलें.

प्लॅस्टिकच्या अशा संचांची विक्री इंग्लंडांत १९३६ सालीं 'फ्रॉग पेंग्विन' या नांवानें सुरू झाली. त्यांतील विमानें खऱ्याच्या ७२ पट लहान असत, म्हणजे सहा फुटांचा मनुष्य त्या मापानें बरोबर एक इंचाचा होई. हेंच प्रमाण पुढें फार रूढ झालें. त्या संचांचें प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचें असे, व कालांतरानें तें वाकडें होई. पुढें पॉलिस्टायरीन आलें. एअरफिक्स कंपनीनें १९५३ सालीं स्पिटफायर विमानाचा संच काढला, आणि हा छंद घरोघर पोहोंचूं लागला.

हे भाग कसे तयार होतात, तें थोडक्यांत सांगतों. पॉलिस्टायरीन वितळवून तें दाबानें पोलादी साच्यांत भरतात. प्लॅस्टिक निवलें कीं साच्याचे दोन भाग उघडतात व आंतल्या खिळ्या तयार वस्तूस बाहेर ढकलतात. त्या खिळ्यांचे वाटोळे ठसे तिच्यावर राहतात. जेथें प्लॅस्टिक जाड असेल तेथें तें निवतांना आकसतें आणि खळगा पडतो. साचा झिजला म्हणजे त्याच्या सांध्यांतून पातळ पापुद्रा बाहेर येतो. उत्तम पोलादी साचा फार खर्चाचा असतो; म्हणून जे कारखाने एखाद्या विमानाचे थोडेच संच काढतात, ते स्वस्त व मऊ साचे वापरतात. अशा संचांत जुळणीच्या खुंट्या बहुधा नसतातच, आणि दोन बाजू एकमेकींशीं मिळतील याची हमीही नसते. हें सर्व मला ठाऊक होतें, आणि ठाऊक असूनही मी चुकलों.

२०२५ सालच्या २६ सप्टेंबर रोजीं चंडीगड येथें भारतीय वायुदलानें मिग-२१ विमानास निरोप दिला. १९६३ सालीं वायुदलांत दाखल झालेलें हें विमान बासष्ट वर्षें सेवेंत होतें. महाराष्ट्राचा त्याच्याशीं जवळचा संबंध आहे. नाशिकजवळ ओझर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ सालीं निघाला, तो याच विमानासाठीं. इंजिनें ओडिशांतील कोरापुट येथें, इलेक्ट्रॉनिक उपकरणें हैदराबादेस आणि विमानाचा सांगाडा ओझरला, अशी कामाची वांटणी होती. शनिवारीं शाळा सुटल्यावर माझ्याजवळ बसणाऱ्या सहा मुलांनीं निरोपाची बातमी वाचली आणि हट्ट धरला कीं डिसेंबरच्या प्रदर्शनांत आपलें मिग-२१ असलेंच पाहिजे. मीं मुंबईहून एकाच बनावटीचे दोन संच मागविले. एक मुलांसाठीं, एक माझ्यासाठीं.

धड व पंख जोडण्याचें काम मीं नववींतील एका मुलाकडे दिलें. वर्गांत मागच्या बाकावर बसणारा, कमी बोलणारा, गणितांत कच्चा असा हा मुलगा. तो संच घरीं घेऊन गेला. पुढच्या शनिवारीं त्यानें जोडलेलें विमान टेबलावर ठेविलें. पाठीवर एक बाजू दुसरीहून वर आलेली, डाव्या पंखापाशीं फट, शेपटाशीं सुकलेल्या द्रावाचे ओघळ. प्रदर्शन जवळ येत होतें; संचास पैसेही बरेच पडले होते. मला राग आला. सर्वांदेखत मी म्हणालों, "हें काय करून आणलेंस? घाई, निव्वळ घाई! जें गणिताच्या वहींत, तेंच येथें." मुलें हंसलीं. तो इतकेंच म्हणाला, "सर, तें बसतच नव्हतें." मीं उत्तर दिलें, "बसत नाहीं तें बसविणें, याचेंच नांव काम." वाक्य मला त्या वेळीं फार चांगलें वाटलें. तो खालीं मान घालून उभा राहिला. पुढच्या शनिवारीं तो आला नाहीं, त्यापुढच्याही नाहीं.

दिवाळीच्या सुटींत मीं माझा खोका उघडला. संवयीप्रमाणें द्राव न लावतां धडाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून पाहिल्या. उजवी बाजू डावीहून जवळजवळ एक मिलिमीटर लांब निघाली. एका मिलिमीटराचें तें काय, असें तुम्ही म्हणाल. खऱ्या मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर असतो. ७२ पटींच्या हिशेबानें आपला एक मिलिमीटर त्याच्यावर सात सेंटिमीटरांहून अधिक होतो. नाक जुळविलें तर शेपूट सुटे. शेपूट जुळविलें तर पाठीवर पायरी पडे. डाव्या पंखाची मुळाकडील कड सरळ, पण धडावरील तिची जागा किंचित् वक्र होती. दोहोंमधून पोस्टकार्ड सहज जाई. जो दोष मीं त्या मुलाच्या कामांत पाहिला होता, तोच, त्याच ठिकाणीं, माझ्या हातांत होता.

मी बराच वेळ तसाच बसून राहिलों. बाहेर महामार्गावरून एस. टी.च्या गाड्या जात होत्या. 'बसतच नव्हतें' हे त्याचे शब्द मीं सबब म्हणून ऐकले होते. त्यानें तर जें पाहिलें तेंच सांगितलें होतें. आधीं निरीक्षण, मग निष्कर्ष, असें मुलांना इतकीं वर्षें शिकवूनही तो संच एकदां हातांत घेऊन पाहावा, हें मला सुचलें नाहीं. आणि गणिताची वही मीं मध्यें कां आणली? त्याच्याविषयीं माझें मत आधींच ठरलेलें होतें. विमान केवळ निमित्त झालें. या दुसऱ्या गोष्टीची मला अधिक लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीं दोन्ही विमानें खोक्यांत घालून मी त्याच्याकडे गेलों. पेणच्या गणेशमूर्ति तुम्हां सर्वांस माहीत आहेत. तालुक्यांत हमरापूर, जोहे या गांवांतूनही मूर्तींचे पुष्कळ कारखाने आहेत. मुलाचे वडील अशाच एका कारखान्यांत काम करितात. माघी गणपतींचें काम चालू होतें. एका कोंपऱ्यांत हा मुलगा ओल्या कुंचल्यानें मातीच्या मूर्तीच्या कुशीवरील जोडाची रेघ पुसून काढीत होता. कुंचला दोनदां फिरला, आणि रेघ कोठें होती हें मला सांगतां येईना. ज्याला मीं घाईचा म्हटलें होतें, तोच हा मुलगा!

वडील लगबगीनें उठले. "या सर, बसा. पोरानं काय केलं का?" शिक्षक घरीं आला म्हणजे मुलानेंच कांहीं केलें असणार, असें त्यांनीं धरून चालावें, याचेंही मला वाईट वाटलें.

"त्यानें नाहीं, मीं केलें," असें म्हणून मीं सर्व हकीकत सांगितली, आणि मुलाकडे वळून म्हटलें, "तूं खरें सांगत होतास. मी न पाहतां बोललों. माझें चुकलें."

तो कुंचला धरून तसाच उभा राहिला. वडीलही अवघडले. "जाऊ द्या हो सर, तुम्ही कशाला..." असें कांहींसें ते पुटपुटले. मग मुलगा हळूच म्हणाला, "सर, पण ते ओघळ माझेच आहेत. बसेना म्हणून रागानं जास्त लावलं मी."

वडिलांनीं माझ्या संचाचे दोन्ही भाग उजेडाकडे धरले. "साचाच वाकडा आहे हो, सर. आमच्याकडे नवा साचा आला की आम्ही पहिलं तो कोरडाच जुळवून बघतो. खोट आधी कळली तर सावरता येते. नंतर कळली तर मूर्तीच्या अंगावर येते."

माफीचें अर्धें काम अद्यापि राहिलें होतें. रागावलों तें पांच मुलांसमोर, आणि क्षमा मागितली ती कारखान्याच्या कोंपऱ्यांत; हा हिशेब जुळत नव्हता. सुटी संपल्यावरच्या पहिल्या शनिवारीं मीं सहाही मुलांस बसविलें, माझ्या संचाचे भाग त्यांच्या हातांत दिले, आणि झालेलें सर्व सांगितलें. वीस वर्षें बोलण्याचाच व्यवसाय केलेल्या माझ्या तोंडाला त्या वेळीं कोरड पडली होती. या खेपेस कोणी हंसलें नाहीं.

त्यानंतर दुसरें विमान आम्ही त्या मुलाच्या देखरेखीखालीं जोडिलें. ज्यांस हा छंद करावयाचा असेल त्यांच्यासाठीं रीत सांगतों. प्रथम सर्व भाग कागदी चिकटपट्टीनें कोरडेच बांधिले व उजेडापुढें धरून फटींवर पेन्सिलीनें खुणा केल्या. पापुद्रे व आडवे येणारे ठसे कानशीनें काढिले. धड एकदम न चिकटवितां नाकापासून दोन-दोन सेंटिमीटर जोडीत गेलों. एक तुकडा पक्का झाल्यावर पुढचा. त्यामुळें एका बाजूची जास्तीची लांबी शेपटाकडे सरकली, आणि तेथें ती घासून टाकतां आली. हा द्राव डिंकासारखा नसतो. तो प्लॅस्टिकची कड विरघळवितो व दोन कडा एकजीव होतात. म्हणून थेंबच पुरे, आणि लावल्यावर माघार नाहीं. त्याचा वास आरोग्यास बरा नव्हे, सबब खिडकी उघडी ठेवावी. वैमानिकाच्या जागेवरील पारदर्शक भाग त्या द्रावानें डागाळतो. तेथें पांढरा फेव्हिकॉल लावावा.

पंखाच्या फटींत आम्ही प्लॅस्टिकची पातळ पट्टी बसविली. ही पळवाट नव्हे. खऱ्या विमानांच्या कारखान्यांतही दोन भागांमध्यें उरलेल्या बारीक फटींत मापाची पट्टी घालतात. तिला शिम म्हणतात. उरलेली उणीव लांबीनें भरली, रंगारी वापरतात तशीच. लांबी सुकतांना आकसते, म्हणून एकदम जाड थर न देतां पातळ थर दिले, मध्यें एकेक दिवस जाऊं दिला, आणि पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घांसलें. वर राखी रंगाचा हात दिल्याबरोबर लपलेले दोष पुन्हां दिसूं लागले. तीनदां असें झालें. दोन मुलें कंटाळलीं. तो मुलगा कंटाळला नाहीं.

प्रदर्शनांत बक्षीस आम्हांस मिळालें नाहीं. तें सातवीच्या मुलींनीं केलेल्या पाणी गाळण्याच्या यंत्रास मिळालें, आणि तें योग्यच होतें. पण आमच्या विमानाचा जोड कोठें आहे, हें कोणास ओळखतां आलें नाहीं. त्या मुलाचे वडील आले होते. त्यांनीं पंखाच्या मुळाशीं अलगद बोट फिरविलें आणि मुलाकडे पाहिलें. बोलले कांहीं नाहींत.

पहिलें विमानही दुरुस्त करून देतों, असें तो मुलगा म्हणाला. मीं तें तसेंच मागून घेतलें. गणितांत तो अद्यापि कच्चाच आहे. मात्र ७२ चा पाढा त्याला आतां तोंडपाठ येतो.

पालकहो, आपला मुलगा 'जमत नाहीं' असें म्हणाला तर त्याच्या हातांतील काम एकदां स्वतःच्या हातांत घेऊन पाहावें, एवढीच विनंति आहे. कधीं तो आळस असेल. कधीं ओघळ त्याचेच असतील. पण कधीं साचाच वाकडा असेल, आणि हें दुरून कळत नाहीं. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही 'साचा वाकडा आहे' एवढें सांगून स्वस्थ बसूं नका. वाकड्या संचाचेंही विमान होतें, हें आपल्या शाळेंतील सहा मुलांनीं करून दाखविलें आहे.

रात्रीं वह्या तपासतांना तें लहान विमान मी समोर ओढून घेतों. एखाद्या चुकलेल्या उत्तरावर लाल रेघ ओढण्यापूर्वीं एकदां त्या फटीकडे पाहतों, आणि मग तें उत्तर पुन्हां पहिल्यापासून वाचतों.