कुठला कागद कुठल्या दारात

आमच्या कॉटन ग्रीनला राहणाऱ्या माणसाला सरकार शोधत फिरावं लागत नाही. काळाचौकीचं पोलीस ठाणं चालत जाण्याच्या अंतरावर, महापालिकेचं एफ दक्षिण विभागाचं कार्यालय परळला. दाखला हवा असो, नळाला पाणी नसो, नाहीतर हार्बरच्या गाडीत कुणाचं पाकीट गेलेलं असो, अभ्युदयनगरातलं शाळकरी पोरसुद्धा सांगेल की कुठे जायचं. पण याच वस्तीतल्या एखाद्या चाकरमान्याला विचारून बघा, "तुमच्या गावाला पोलीस ठाणं कुठलं लागतं हो?" किंवा "तलाठी कुठल्या गावात बसतो? तुमच्या जमिनीचा सर्व्हे नंबर काय?" बहुतेक जण डोकं खाजवतात. गणपतीत पाच दिवस, शिमग्याला दोन दिवस आणि मे महिन्यात आंबे-फणस खायला गेलं की झालं गाव. तिथे कशाला लागतंय सरकार?

लागतं. क्वचित लागतं, पण लागतं तेव्हा फार लागतं.

हे मला कळलं ते माझ्या मोठ्या जाऊबाईंमुळे. आम्ही सगळे त्यांना वैनी म्हणतो. माझे थोरले दीर गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि वर्षभर वाट पाहून ते वैनींना आणि मुलांना घेऊन गावी गेले ते कायमचेच. आमचं गाव सिंधुदुर्गातलं. तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठल्याही तालुक्यात घडू शकतं. दीर २००८ मध्ये गेले. २०११ च्या पावसाळ्याआधी शेजारच्या हिश्श्यातल्या आमच्याच चुलत घरातल्यांनी कुंपण चार-पाच हात आत सरकवलं, आणि मधल्या पट्ट्यातला जुना फणस तोडून लाकूड टेम्पोत घालून नेलं. त्या फणसाची भाजी मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून खात होते.

वैनी आधी पोलीस पाटलांकडे गेल्या. ते म्हणाले, दूरक्षेत्रात जा. दूरक्षेत्र म्हणजे आपण ज्याला पोलीस चौकी म्हणतो ते. तिथे सांगितलं, "ही जमिनीची भानगड आहे, तहसीलला जा." तहसीलला गेल्या तर तिथले म्हणाले, "झाड तोडून नेलंय ना? मग पोलिसांत जा." शेवटी कुणीतरी मोलाचा सल्ला दिला की "सातबाऱ्यावर तुमचं नावच नाही, तुम्ही तक्रार करणार कोण?" वैनींनी त्या रात्री मला फोन केला. "माझा नाव खंय आसा ता बघ गो," एवढंच म्हणाल्या. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, वेळ होता. पिशवीत कोरे फुलस्केप कागद घातले आणि गेले.

जन्मभर मराठी शिकवलं, पण सातबारा वाचायला मला बसून शिकावं लागलं. नाव सातबारा, कारण गावाच्या महसुली दप्तरातले दोन नमुने त्यात एकत्र येतात. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कुणाच्या नावावर, त्यावर बोजा कसला. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. असे एक ते एकवीस गाव नमुने असतात. सहा नंबरचा नमुना म्हणजे फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावर कुणाचं नाव का चढलं आणि का उतरलं, याची हकीकत तिथे सापडते. गंमत बघा, व्याकरणात आपण कंस कशाला घालतो? जास्तीची माहिती द्यायला. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर नाव कंसात गेलं की ते माणूस कमी झालं! माझ्या सासऱ्यांचं नाव कंसात होतं, त्याखाली तिघा भावांची नावं होती. त्यातले थोरले दीर जाऊन तीन वर्षं झाली तरी कंस पडला नव्हता, आणि वैनींचं नाव कुठेच नव्हतं.

तिथे पहिली अडचण आली ती मृत्यूच्या दाखल्याची. वारस नोंदीला तो लागतो. वैनी ग्रामपंचायतीत चार खेपा घालून आल्या होत्या, आणि दर वेळी "आमच्याकडे नोंद नाही" हे उत्तर मिळालं होतं. ते उत्तर खरंच होतं! दीर शेवटच्या आजारपणात मुंबईत होते, परळच्या एका रुग्णालयात गेले. मृत्यूची नोंद माणूस जिथे मरण पावतो तिथे होते, घर कुठेही असो. गावात शोधत होतो तो कागद आमच्या एफ दक्षिण विभागात पडून होता, कॉटन ग्रीनपासून बसने थोड्याच अंतरावर. मुंबईत गेलेल्या किती गिरणी कामगारांचे वारस असे गावाकडे खेपा घालत असतील, कोण जाणे.

जुनं काही शोधायचं तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी आमचा तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. गाव जागच्या जागी राहतं, जिल्हा बदलतो आणि दप्तरं इकडची तिकडे होतात. फार जुन्या नोंदी मोडीत असतात, त्या वाचायला जाणकार माणूस लागतो. आणि वाडीचं नाव घेऊन शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही, कारण दप्तराला वाडी ठाऊक नसते, महसुली गाव ठाऊक असतं.

मग आम्ही दोघी ओटीवर बसलो आणि एका तक्रारीच्या चार तक्रारी केल्या. मुलांना उतारा देऊन त्याचे मुद्दे काढायला लावतो ना, तसंच.

पहिला मुद्दा नावाचा. तो तलाठ्याकडे. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून वारस नोंदीचा अर्ज. ती आधी सहा-क या वारस नोंदवहीत जाते, मग फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. विधवा पत्नी ही मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस, हे हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासून लिहिलेलं आहे. वैनींना ते पंचावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा मुद्दा कुंपणाचा. हद्द कुठली हे तलाठी ठरवत नाही आणि पोलीसही ठरवत नाहीत. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, फी भरायची. मोजणीच्या तारखेची नोटीस लगतच्या जमीनधारकांनाही जाते. मोजणीचा नकाशा हातात आला की भांडणाला निदान रेघ तरी मिळते.

तिसरा मुद्दा फणसाचा. झाड तोडून लाकूड उचलून नेलं, हे पोलिसांचं काम. चौथा मुद्दा, उद्या कुणी म्हणालंच की ही जमीन मुळात आमची, तर तो वाद दिवाणी न्यायालयाचा. कारण सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, ती महसुली नोंद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच.

चार अर्ज, प्रत्येकाच्या दोन प्रती. एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेऊन परत आणायची. या 'पोच' नावाच्या वस्तूवर माझा फार विश्वास आहे. तोंडी बोललेलं सरकारी कचेरीत दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

पोलिसांकडचा अर्ज घेताना पुन्हा तेच, "बाई, ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, "जमिनीचं मी तुम्हाला विचारतच नाही. लाकूड कुणी नेलं ते लिहून घ्या." तरी दोन दिवस काही झालं नाही. मग जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवली. ठाण्यात दाद लागली नाही तर अशी पाठवता येते, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच होतं. तलाठ्याकडचा अर्ज तीन महिने हलला नाही तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांत आणि तीस दिवसांत उत्तर मागता येतं. 'अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढा एकच प्रश्न विचारला होता. उत्तर यायच्या आत फेरफार पडला. मला राग आला नाही, हसू आलं. शाळेत तपासणीची तारीख कळली की आमच्याही वह्या रातोरात तपासून होत असत.

हे सगळं करताना एक विचार मनात येई. पूर्वी गावात महसूल आणि कायदा दोन्ही एकाच घरात असायचे, पाटलाच्या. पाटीलकी वंशपरंपरेने चालायची. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पद गेलं, आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील आला. माझा भाचा अमेरिकेत आहे. तो सांगतो, तिकडे खेड्यापाड्यांच्या काऊंटीत पोलिसांचा प्रमुख शेरीफ असतो आणि बहुतेक ठिकाणी लोक त्याला मतं देऊन निवडतात. आपल्या मुंबईलाही शेरीफ म्हणजे नगरपाल होते, पण ते मानाचं पद. वंशाने आलेला असो, मतांनी आलेला असो की नेमणुकीने, ज्याला दार ठाऊक नाही त्याला तिन्ही सारखेच. दार ठाऊक नसलं की माणूस ओळख शोधतो, ओळख सापडली की उपकार होतो, आणि उपकार झाला की तो फेडावा लागतो. वैनींना गावात हेच भय होतं. "कोणाकडे हात पसरूक नको," असं त्या म्हणत.

आता पुष्कळ बदललं आहे. सातबारा संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि सर्व्हे नंबर किंवा नाव टाकायचं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२४ मध्ये तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. त्याच्याकडच्या गावांच्या गटाला 'सजा' म्हणतात, आणि तोही शब्द काही बदलला नाही! सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर संकेतस्थळावर टाकावी लागते. फिर्यादीला तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे हे तर जुनंच. आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात देता येते. म्हणजे गावच्या चोरीची फिर्याद मुंबईतल्या ठाण्यातही देता येईल. पुढे ती गावच्या ठाण्याकडे जाईल, तपास तिकडेच होईल, पण 'आमची हद्द नाही' म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही.

तरी पडद्यावर दिसणारा सातबारा वैनींना वाचता येत नाही. त्यांच्या नातवाला पडदा वापरता येतो, पण फेरफार म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. या दोघांच्या मध्ये कुणीतरी बसायला लागतं. ते काम आपल्यासारख्या रिकाम्या म्हाताऱ्यांचं आहे असं मला वाटतं.

आमचं काय झालं ते सांगते. वैनींचं नाव लागलं. मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले, कुंपण मागे गेलं. फणसाबद्दल पोलिसांनी दोन्ही घरांना बोलावून जबाब घेतले, त्यापुढे काही झालं नाही. फणस काही परत आला नाही. चुलत घराशी बोलणं दोन वर्षं बंद होतं. गणपती मात्र दोन्ही घरांचा एकच आहे, माटवी बांधायला माणसं लागतातच, त्यामुळे तेही हळूहळू सुरू झालं. कागद झाल्यामुळे नातं तुटलं असं गावात काही जण म्हणाले. मला उलटं वाटतं. हद्द कागदावर आली म्हणून रोजचं भांडण थांबलं, नाहीतर ते पुढच्या पिढीला वारसाने मिळालं असतं, आणि त्या वारसाची नोंद कुठल्याच नमुन्यात झाली नसती.

वैनी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. सातबाऱ्याची एक प्रत त्यांनी देवाच्या फोटोमागे ठेवली आहे. अधूनमधून कुणाकडून तरी आपलं नाव वाचून घेतात.

असो. फार लांबलं. यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा एवढं करा. महसुली गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, तलाठ्याच्या सजेचं गाव, पोलीस ठाणं आणि दूरक्षेत्र कुठलं, पोलीस पाटील कोण, एवढं एका कागदावर लिहून आणा. आणि सातबाऱ्यावर घरातल्या बायकांची नावं आहेत का, ते आरतीआधी बघून घ्या.