ऐतिहासिक म्हणजे किती जुनं?

‘छावा’ चित्रपट आला त्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, आमच्या वाचनालयात शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीसाठी रांग लागली. जी मुलं एरवी फक्त स्पर्धा परीक्षांची पुस्तकं न्यायला येत, तीही नाव नोंदवून जाऊ लागली. कार्यवाह म्हणाले, “लोक वाचताहेत, तर लिहूही देत.” असा ऐतिहासिक कथास्पर्धेचा ठराव झाला. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, त्यात मोडी वाचणारी. परीक्षकांत माझं नाव मला न विचारताच पडलं. बाकीचे दोघे म्हणजे मराठीचे एक प्राध्यापक आणि वाचनालयाचे सर्वांत जुने विश्वस्त. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं.

नियमावलीच्या पहिल्याच बैठकीत गाडी अडली. ऐतिहासिक म्हणजे किती जुनं? अण्णांचं उत्तर तयार होतं: “शिवकाळ आणि पेशवाई. त्यात विचारायचं काय?” मी म्हटलं, मग सातवाहनांनी काय घोडं मारलंय? आणि १८५७ चं काय, १९४२ चं काय? प्राध्यापकांनी तोडगा काढला. स्कॉटलंडमध्ये सर वॉल्टर स्कॉटच्या नावाने ऐतिहासिक कादंबरीला २०१० पासून पारितोषिक देतात. पहिल्या वर्षी ते हिलरी मँटेलच्या ‘वुल्फ हॉल’ला मिळालं. तिथला नियम असा, की कथानकाचा बराचसा भाग किमान ६० वर्षांपूर्वी घडलेला हवा. स्कॉटच्या १८१४ मधल्या ‘वेव्हर्ली’ कादंबरीच्या उपशीर्षकातच साठ वर्षांचा उल्लेख आहे, तिथून तो आला. हरिभाऊ आपट्यांच्या पिढीने स्कॉट वाचला होता, तेव्हा आपणही त्याचा एक नियम घ्यायला हरकत नाही, असं ठरलं. तिकडे बक्षीस २५ हजार पौंडांचं, आमचं पाच हजार रुपयांचं. नियमाला मात्र पैसे पडत नाहीत.

दुसरा नियम मी हट्टाने घालून घेतला. कथेबरोबर एक पान टिपण जोडायचं: यातलं नोंदलेलं काय, ऐकीव काय आणि मनाने रचलेलं काय. अण्णांना ते शाळेच्या गृहपाठासारखं वाटलं. पण वर्गात मी वर्षानुवर्षं तानाजी शिकवला आहे, म्हणून मला ते हवं होतं. घोरपडीला दोर बांधून मावळे कोंढाण्यावर चढले, हे मुलं घरूनच शिकून येतात. ही घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढून जातात, घोरपडीचा पत्ताच नाही. ‘सिंहगड’ हे नाव तर १६७० च्या त्या लढाईआधीच्या पत्रातही सापडतं. पोवाडा यामुळे रद्दी ठरत नाही, हरिभाऊंची तानाजीवरची कादंबरीही नाही. पण लिहिणाऱ्याला तरी आपली घोरपड कुठली, हे ठाऊक असावं.

प्रवेशिका आल्या त्या बहुतेक शिवकाळातल्या. फुलस्केपवर हाताने लिहिलेल्या होत्या, डीटीपी केलेल्या होत्या आणि कार्यवाहांच्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडलेल्याही होत्या. नावं झाकून, क्रमांक टाकून आम्ही त्या वाटून घेतल्या. वाचताना करमणूक भरपूर झाली. एकीतला स्वार पुण्याहून साताऱ्याला दोन घटकांत पोचतो. घटका म्हणजे २४ मिनिटं, अंतर सुमारे ११० किलोमीटर. आज खंबाटकी घाट मोटारीने ओलांडणाऱ्यालाही हे साधत नाही. दुसरीत मावळा काडेपेटी काढून पलिता पेटवतो. असल्या चुका लाल पेनाने सुधारता येतात. जीव विटतो तो दुसऱ्याच गोष्टीने. या कथांतलं प्रत्येक माणूस मालिकेतल्यासारखं बोलतं. राजा तर बोलतोच, पण पाणक्याही दरबारात उभा असल्यासारखी वाक्यं टाकतो. कुणाला भीती वाटत नाही, कुणाचा पाय मुरगळत नाही, शेवट काय होणार हे पहिल्या ओळीपासून सगळ्यांना माहीत असतं.

आमच्याकडे ऐतिहासिक कादंबरीचा प्रवास रा. भि. गुंजीकरांच्या १८७१ मधल्या ‘मोचनगड’पासून मोजतात. इतक्या लांबच्या परंपरेत वेगळ्या वाटा काढणारे लेखक झालेच. ना. सं. इनामदारांनी ‘झेप’साठी त्रिंबकजी डेंगळे निवडला, ‘मंत्रावेगळा’साठी दुसरा बाजीराव. दोघंही पाठ्यपुस्तकात बदनाम होऊन बसलेले. रणजित देसाईंचे माधवराव आणि रमाबाई एकमेकांशी जे बोलतात, ते दफ्तराच्या कुठल्या रुमालात बांधलेलं सापडणार नाही. तरी ‘स्वामी’ वाचून लोक थेऊरला जातात आणि १७७२ साली क्षयाने गेलेल्या एका तरुण पेशव्यासाठी डोळे पुसतात. त्या कादंबरीला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो तिच्यातल्या सनावळीला मिळाला, असं कुणी म्हणणार नाही.

अंतिम फेरीत पाच कथा उरल्या आणि त्यांतल्या एकीवरून आमची जुंपली. ती पानशेतच्या पुराची होती. १२ जुलै १९६१. नारायण पेठेतला एक बाइंडर, त्याच्याकडे शिवायला आलेल्या परक्यांच्या पोथ्या. पाणी ओसरल्यावर तो चिखलाने चिकटलेली पानं एकेक सोडवून बाजेवर वाळत घालतो आणि ज्यांच्या त्या पोथ्या, त्यांचीच घरं वाहून गेल्याचं त्याला कळत जातं. एवढंच कथानक. वीर कुणी नाही, घोडा नाही. “हा कसला इतिहास?” अण्णा उसळले, “त्या दिवशी मी पुण्यात होतो. लकडी पूल पाण्याखाली गेला, त्याच्या आदल्याच दिवशी मी त्यावरून चालत गेलोय.” प्राध्यापकांनी शांतपणे साठाचा हिशेब मांडला. पानशेत बसत होतं. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, त्यामुळे त्याच्यावरची एक बरी कथा दोन वर्षांनी हुकली. आपल्या आठवणीतला दिवस इतिहासात जमा झाला, याचा अण्णांना मनापासून राग आला होता. मला तो समजत होता.

कथेसोबतचं टिपण मी तीनदा वाचलं. धरण पहाटेनंतर फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, कुठल्या पेठांत पाणी शिरलं, हे वर्तमानपत्रांवरून घेतलेलं. बाजेवर पानं वाळवणं आजीकडून ऐकलेलं, फक्त तिच्या आठवणीत ती पानं शाळेच्या वह्यांची होती. बाइंडर संपूर्ण काल्पनिक. अशा तीन रेघा ओढता आल्या, की लिहिणाऱ्याचा हात मोकळा होतो, असं माझं मत त्या पानाने पक्कं झालं. गुणांची बेरीज झाली तेव्हा मात्र पहिला क्रमांक जासुदाच्या कथेला गेला. पानिपतची बातमी दक्षिणेकडे आणणारा, वाटेत प्रत्येक मुक्कामावर तीच बातमी थोडी कमी करून सांगणारा जासूद. कथा चांगलीच होती. मी मात्र पानशेतच्या बाजूने एकटी उरले आणि माझं मत आजही तेच आहे.

बक्षीस समारंभाला एका कादंबरीकार बाईंना बोलावलं होतं. हार, शाल, प्रास्ताविक नेहमीसारखं लांबलं, ते सोडून देते. प्रकट मुलाखतीत एका गृहस्थांनी हमखास येणारा प्रश्न विचारला: “हे खरंच घडलं होतं का?” बाईंनी उत्तरात पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराचा अनुभव सांगितला. लढायांची पत्रं अनेकांनी वाचलेली असतात. त्यांना स्वतःला कामी आले ते खर्चाचे कागद: दिव्याच्या तेलाचा, वैरणीचा, औषधाचा खर्च. आजारी माणसाच्या खोलीत रात्री किती वेळ दिवा जळत होता, याचा अंदाज तेलाच्या हिशेबावरून येतो. त्या खोलीत कोण काय बोललं, ते लेखकाने लिहायचं. सभागृहात शाळेची पोरं बसली होती, तीही चुळबुळ थांबवून ऐकत होती. कार्यक्रमानंतर स्पर्धकांपैकी काहीजणांनी माझ्याकडे मोडी शिकायची इच्छा दाखवली. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत तो वर्ग चालतो. अण्णाही येतात आणि ‘ज’ वरून माझ्याशी वाद घालतात.

यंदाच्या नियमावलीत आम्ही टिपणाला शंभरपैकी वीस गुण ठेवले आहेत. शिवाय पाचही अंतिम कथांच्या लेखकांनी श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आहेत. तुमच्या गावच्या वाचनालयात अशी स्पर्धा होत असेल, तर एवढ्या दोन गोष्टी जरूर करून पाहा. बक्षिसाची ढाल थोडी लहान आणली तरी चालेल.