बिनवाऱ्याची लाट

रत्नागिरीच्या मांडवी धक्क्यावर संध्याकाळीं फिरावयास येणाऱ्या मंडळींत हवेविषयीं मत नसलेला मनुष्य मला अद्याप भेटलेला नाहीं. "आज पाणी चढेल", "उद्यां वारा फिरेल", "पावसाला अजून पंधरा दिवस आहेत" अशीं विधानें येथें पानसुपारीसारखीं दिलीं-घेतलीं जातात, आणि तीं खोटीं ठरलीं तरी कोणी जाब विचारीत नाहीं. या मंडळींत माझ्या मताला कांहींसें अधिक वजन होतें. ३० वर्षें मीं शाळेंत भूगोल शिकविला. मतलई वारा पहाटे जमिनीकडून समुद्राकडे कां वाहतो आणि खारा वारा दुपारीं उलट दिशेनें कां येतो, हें गांवांतल्या निम्म्या लोकांनीं माझ्याच तोंडून ऐकलेलें आहे. असल्या माणसाला आपल्या गांवच्या आकाशावर एक प्रकारचा मालकी हक्क वाटूं लागतो. मलाही वाटत असे.

मांडवीचा धक्का ज्या उपसागरांत शिरला आहे त्याचें तोंड साधारणपणें नैर्ऋत्येकडे आहे. उत्तरेस रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रांत लांबवर गेलेला, दक्षिणेस भाट्याच्या खाडीचें मुख, आणि मध्यें काळसर वाळूचा किनारा. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ सालीं मरेपर्यंत याच गांवीं स्थानबद्ध होता. टेकडीवरच्या राजवाड्यांतून तोही हेंच पाणी पाहत असेल. त्याला त्यांत काय दिसलें असेल, तें सांगण्याचें धाडस मी करीत नाहीं. मला त्यांत एक सोडविलेलें गणित दिसे.

त्या गणिताचा पहिला भाग तिथीचा. तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीचा तास मिळतो, ही रीत किनाऱ्यावर पोरासोरांनाही ठाऊक असते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. या रीतींत थोडी कसर आहे. चंद्राच्या ३० तिथींत भरती २४ तास पुढें सरकते, म्हणजे दर तिथीस ४८ मिनिटें, अर्थात् २ घटका. पाऊण तास धरल्यानें तिथीमागें ३ मिनिटें बुडतात, आणि पुनवेला हिशेबानें सव्वाअकरा आले तरी पाणी बाराच्या सुमारास भरतें. ही कसर फळ्यावर काढून दाखविण्यांत मला केवढा आनंद वाटे! अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचें मवाळ पाणी, हें तर निराळें सांगावयास नकोच.

दुसरा भाग वाऱ्याचा. आषाढांत बाहेर समुद्रावर ३-४ मीटर उंचीच्या लाटा उठतात आणि त्यांचा कांहीं अंश धक्क्यापर्यंत येऊन पोंचतो. भिंतीवर आपटलेली लाट परत फिरते, मागून येणारी तिला भेटते, आणि दोघींचे माथे एकत्र आले कीं पाणी जवळजवळ दुप्पट उंचीनें सरळ उभें राहतें. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर न्यूपोर्ट बीच येथें बंदराच्या मुखाशीं असाच एक दगडी बांध आहे. त्याच्यावरून परतलेली लाट पुढच्या लाटेंत मिसळून जो पाण्याचा सुळका उठतो त्याला तेथले लोक 'वेज', म्हणजे पाचर, म्हणतात. तो कधीं कधीं ३० फुटांपर्यंत चढतो, आणि तो चढला कीं लाटेवर स्वार होणारे शौकीन तेथें धांवतात. आमच्याकडे पाणी असें उभें राहिलें कीं माणसें मागें सरतात आणि कणीस खातां खातां त्याची तारीफ करतात. मला आमचीच रीत पसंत आहे.

हिंवाळ्यांत समुद्र निवळतो. तरी पौष-माघांत मधूनच दोन दिवस लाटा वाढतात आणि येथें तर वाऱ्याची झुळूकही नसते. ही करणी अरबस्तानाकडच्या 'शमाल' वाऱ्याची. तो इराणच्या आखातावरून सुटला कीं त्यानें उठविलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आमच्या किनाऱ्याला लागतात. पण त्या वायव्येकडून येतात, आणि त्या दिशेला रत्नदुर्गाचा डोंगर पहाऱ्यावर उभा आहे. म्हणून मांडवीला त्यांचा उपद्रव बेताचाच. हेंही मला माहीत होतें, आणि माहीत असूनही त्यापासून जें शिकावयास हवें होतें तें मी शिकलों नाहीं. लाट एकीकडची आणि हवा दुसरीकडची असूं शकते, ही गोष्ट दर हिंवाळ्यांत समुद्र मला सांगत होता. मी तिला अपवाद म्हणून वहीच्या समासांत टिपून ठेवीत होतों.

कोंकणांतल्या माणसाची समुद्राची भीति वादळाच्या आकाराची असते, हें त्याचें कारण असावें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. तो आषाढी अमावास्येच्या सुमाराचा दिवस होता. वारा, पाऊस, उसळलेलें पाणी, सारेंच होतें. पुढें ज्या ज्या घरांत ही हकीकत सांगितली गेली तेथें मुलांच्या मनावर काळें आकाश आणि मरण यांची जोडी कायमची कोरली गेली. त्याचा दुसरा अर्थ आम्ही नकळत लावून बसलों, तो असा कीं निळें आकाश म्हणजे अभय.

काहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत पुण्याहून माझ्या वहिनी आणि चौदा वर्षांचा पुतण्या सुट्टीला आमच्याकडे आलीं होतीं. वैशाख शुद्ध अष्टमीचा दिवस. आकाशांत ढगाचें नांव नव्हतें, आणि एरवीं त्या दिवसांत दुपारीं सुटणारा वाराही जवळजवळ पडलेला होता. धक्क्याकडे निघतांना वहिनींनीं विचारलें, "भावोजी, समुद्र बरा आहे ना आज?"

मीं हंसून म्हटलें, "वहिनी, आजच्या समुद्राच्या कांठीं तान्हें मूल निजवलें तरी चालेल."

हें वाक्य मीं जसेंच्या तसें लिहिलें आहे. तें विसरण्याची पुष्कळ खटपट केली. तें विसरलें जात नाहीं.

धक्क्यावर राजिवड्याचे एक वृद्ध तांडेल बसले होते. आमच्या घरांत त्यांना सगळे चाचा म्हणतात. मुलाला पायऱ्यांकडे वळलेला पाहून ते म्हणाले, "मास्तर, पोराला खालीं नका सोडूं. पाणी आज जड आहे."

"वारा कुठें आहे, चाचा? आणि आज तर भांग."

"वारा नाय, तेंच म्हणतों," ते म्हणाले, आणि पुन्हा पाण्याकडे पाहूं लागले.

मीही पाहिलें. पाणी तळ्यासारखें पसरलेलें होतें. पांच-सात मिनिटें झालीं तरी कांहींच हाललें नाहीं. पायऱ्यांच्या फटींत खेकडे होते, ते पाहावयास पुतण्या उतरला. मीच त्याला हातानें 'जा' अशी खूण केली. मग पाण्यावर एक रुंद, गुळगुळीत उंचवटा सरकत येतांना दिसला. त्याला फेंस नव्हता, आवाज नव्हता. तो पायऱ्यांपाशीं येऊन उंचावला, मुलाचे गुडघे भिजवून ओसरला, आणि मुलगा खदखदां हंसला. बऱ्याच वेळानें दुसरा आला, तो त्याच्या कमरेपर्यंत. तिसरा येण्यापूर्वीं पायऱ्यांवरचें पाणी इतकें खालीं ओढलें गेलें कीं एरवीं कधीं न दिसणाऱ्या तळच्या पायऱ्या, कालवांनीं भरलेल्या, उघड्या पडल्या. मी ओरडलों असेन. मला आठवत नाहीं. तिसरी लाट धक्क्याच्या माथ्यावरून गेली.

गरी टाकून बसलेल्या एका तरुणानें पालथें पडून त्याचा सदरा पकडला म्हणून मुलगा आम्हांला मिळाला. त्याचा डावा हात मोडला होता, आणि कालवांच्या धारेनें पाठ व पोटऱ्या सोलून निघाल्या होत्या. चौथी आणि पांचवी लाट येऊन गेली. मग समुद्र पुन्हा तळ्यासारखा झाला. आकाश मघांइतकेंच निळें होतें.

वहिनींनीं मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. मुलाच्या उशाशीं बसून त्या त्याच्या केंसांतली वाळू बोटांनीं काढीत होत्या. मी दारांत उभा होतों; आंत येऊन बसा असें त्या म्हणाल्या, नेहमींच्याच आवाजांत. चार दिवसांनीं तीं दोघें पुण्याला गेलीं. पुढच्या दिवाळींत मुलगा आला नाहीं, त्याच्या पुढच्या मे महिन्यांतही आला नाहीं. कारण कोणी सांगितलें नाहीं आणि मीं विचारलें नाहीं.

त्या लाटा कोठून आल्या, हें समजून घेण्याखेरीज मला करण्यासारखें दुसरें कांहीं उरलें नव्हतें. वाऱ्यानें उठलेली लाट वाऱ्याबरोबर मरत नाहीं. तिचा जनक जितका प्रचंड, तितका तिच्या दोन माथ्यांमधला अवधि लांब आणि तितकी तिची चाल वेगवान. आमच्या खाऱ्या वाऱ्याच्या लाटा ५-६ सेकंदांनीं येतात. दक्षिण हिंदी महासागरांत, चाळीस-पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यांत, जीं अजस्र वादळें घोंघावतात त्यांच्या लाटांमधला अवधि १८ सेकंदांपर्यंत जातो. असा तांडा ताशीं सुमारें ५० किलोमीटर चालतो. तेथून रत्नागिरी ७,००० किलोमीटर धरली तर वाट सहा दिवसांची. म्हणजे ज्या लाटेनें मुलाला ओढलें ती आदल्याच आठवड्यांत, आम्ही घरीं आंब्याच्या पेट्या उघडीत होतों तेव्हां, हजारों कोस दक्षिणेस निघाली होती. तिच्या वाटेंत रत्नदुर्गाचा डोंगर येत नाहीं. उपसागराचें तोंड तिच्याकडेच आहे.

हा कांहीं माझा तर्क नव्हे. वॉल्टर मंक नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६३ सालीं न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठाणीं मांडून दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटा सबंध पॅसिफिक महासागर ओलांडतांना मोजल्या होत्या. न्यूपोर्टची ती पाचरही उत्तरेकडच्या उन्हाळ्यांत उठते ती याच कुळींतल्या लाटांनीं. खोल पाण्यांत अशी लाट हातभर उंचीची असली तर तिच्यावरून गेलेल्या होडीला तिचा पत्ताही लागूं नये. किनाऱ्याजवळ तळ वर आला कीं तिची चाल मंदावते आणि मागची सारी शक्ति उंचीला लागते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापटीवर आली कीं ती फुटते. आणि जवळजवळ सारख्या अवधीच्या लाटा एकमेकींत मिसळून चालतात म्हणून त्या टोळीटोळीनें येतात. पांच-सात मोठ्या, मग कितीतरी मिनिटें शांतता. ती शांतता पाहूनच मीं खूण केली होती. केरळांत असल्या समुद्राला 'कल्लक्कडल', चोर समुद्र, असें नांव आहे. ३१ मार्च २०२४ रोजीं तो तेथें कित्येक गांवांतून घरांत शिरला. नांव असणें ही केवढी सोय आहे! आमच्या धक्क्यावर त्याला नांव नव्हतें. असतें तर कदाचित् मीं तें वर्गांत शिकविलें असतें.

चाचांना मीं पुढें एकदां विचारलें, तुम्हांला कसें कळलें? मला वाटलें होतें, कांहीं परंपरागत खूण सांगतील. ते म्हणाले, कळलें-बिळलें कांहीं नाहीं. सकाळीं खाडीच्या मुखाशीं होडी एकदां भलतीच वर उचलली गेली आणि फेंस नव्हता, म्हणून मन धजेना. लाट कोठून आली तें त्यांनाही ठाऊक नव्हतें. आतां त्यांचा मुलगा हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचें रोजचें अनुमान भ्रमणध्वनीवर पाहतो आणि लाटांची उंची वाचून दाखवितो. चाचा म्हणतात, "उंची राहूं दे. सेकंद किती तें सांग."

मागच्या मे महिन्यांत पुतण्या आला. आतां तो माझ्याहून उंच झाला आहे, आणि डावा हात कोपरांत किंचित् वांकडा राहिला आहे. संध्याकाळीं तो आपण होऊन म्हणाला, "काका, धक्क्यावर जाऊं." मीं वहिनींकडे पाहिलें. त्यांनीं चपला घातल्या आणि आमच्याबरोबर निघाल्या.

आम्ही तिघें धक्क्याच्या माथ्यावर बसलों. मीं त्याला हिशेब सांगितला होता. तो घड्याळाकडे पाहत मोजूं लागला. एक उंचवटा पायरीला लागून फुटला, कांहीं वेळानें दुसरा.

"सहा," तो म्हणाला.

"पुन्हा मोज."

त्यानें मोजलें. अर्धा तास मोजलें. सहा, सात, सहा. मग तो उठला आणि पायऱ्यांच्या तोंडाशीं जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागें गेलों, आणि माझ्या हातांत त्याच्या सदऱ्याचें टोंक आहे, हें मला वहिनी हंसल्या तेव्हां कळलें.

"असूं द्या, भावोजी," त्या म्हणाल्या. "धरून ठेवा."