सावलीच्या वाटेवरची नाणी

जगभरची नाणी जमवणारे बहुतेक जण ती देशवार लावतात. कुणी राजवटींप्रमाणे, कुणी धातूप्रमाणे. माझा एक ट्रे मात्र एडनला सुरू होतो आणि सेलेबीस बेटावर संपतो. वाटेत विजयदुर्ग लागतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात चंद्राची सावली ज्या पट्ट्यावरून गेली, त्या पट्ट्यातल्या माणसांच्या कनवटीला त्या दिवशी कोणता पैसा असेल, तो मी जमवत आलो आहे.

विजयदुर्गात वाढलेल्या माणसाला असं काही सुचणं साहजिकच आहे. आमच्या किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ आहेत, दुर्बिणींसाठी बांधलेले. हेलियमचा शोध इथंच लागला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दर वर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यात हेलियम दिन साजरा होतो, शाळांची मुलं येतात. पुस्तकांतला विजयदुर्ग वेगळा आहे. शिलाहार भोजराजा, १६५३ साली शिवाजी महाराज, मग आंग्रे, फेब्रुवारी १७५६ मध्ये याच खाडीत जळालेलं तुळाजींचं आरमार, पुढे आनंदराव धुळप. त्या इतिहासाचा मला अभिमान आहेच. पण ओढ लागली ती ओट्यांची. तटाबुरुजांवर माणसं एकमेकांवर नजर ठेवून असायची. ओट्यांवर उभी राहिलेली माणसं आभाळाकडे बघत होती.

ट्रेच्या पहिल्या खणात मारिया थेरेसाचा थेलर आहे. माझे मामा बोटीवर होते, आमच्याकडच्या कितीतरी घरांतले पुरुष असायचे तसे. एडन, जिबूती, मोंबासा ही नावं आम्ही भूगोलाच्या आधी मामांच्या तोंडून ऐकली. हा थेलर त्यांनी आणलेला. हातावर ठेवला की पहिल्यांदा जाणवतं ते वजन, चांगलं अठ्ठावीस ग्रॅम. भरदार चेहऱ्याची राणी, डोक्यावरून मागे गेलेलं वस्त्र, खांद्याशी मोती जडवलेलं पदक. अरबस्तानातले व्यापारी ते मोती नीट बघून मगच नाणं घेत. मागच्या बाजूला दुतोंडी गरुड आणि साल, १७८०.

साल १७८० आहे, पण नाणं १७८० चं नाही. त्या वर्षी राणी वारली. तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या लोकांचा मात्र तिच्याच नाण्यावर विश्वास होता. ते दुसरा चेहरा घेईनात, दुसरं सालही घेईनात. तेव्हा टांकसाळी तेच साल उमटवत राहिल्या. व्हिएन्नात, नंतर रोममध्ये, लंडनमध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ साली, आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. मुंबईत पाडलेल्या थेलरवरही १७८०! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. १८६८ च्या ग्रहणासाठी व्हिएन्नाहून एडमुंड वाइस आणि थिओडोर ओपोल्झर हे खगोलशास्त्रज्ञ एडनला आले होते. मायदेश सोडून इतक्या लांब आल्यावर तिथल्या बाजारात त्यांना आपलीच राणी भेटली असणार.

एडनहून सावली समुद्र ओलांडून आमच्या किनाऱ्यावर आली. श्रावणातली अमावास्या होती. कोकणात त्या काळी दोन नाणी हाताशी असत: राणीछाप रुपया आणि तांब्याची शिवराई. शिवराईवर सालच नसतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, तेही बहुधा अर्धंमुर्धंच, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. महाराजांच्या नावाचा हा पैसा पुढे पेशवाईत आणि नंतरही पाडला जात राहिला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बाजारात चालला. माझ्याकडची शिवराई कुठल्या वर्षीची, हे ती सांगत नाही. कुणावर भरवसा ठेवायचा, एवढं मात्र ती दोनशे वर्षं सांगत राहिली.

रुपयाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि ती मला शेजारच्या काकींच्या देव्हाऱ्यात सापडली. लक्ष्मीपूजनाला त्या एका तबकात जुने रुपये मांडतात. त्यातला एक मी हातात घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, “ह्यो माज्या आवशीचो. मोडूक नाय दिलंय.” मोडीत न घातलेला रुपया हा आमच्याकडे फार मोठा मान आहे. किती घरांतले रुपये सोनाराच्या मुशीत गेले आणि त्यांची निरंजनं नि पैंजणं झाली, त्याचा हिशेब नाही.

काकींच्या रुपयावर तरुण व्हिक्टोरिया आहे. पोशाखावरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली, अक्षरांच्या खाचांत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू. मागच्या बाजूला फुलापानांची वेल, मध्ये मूल्य, देशाचं नाव आणि साल, १८६२. खिडकीशी जाऊन भिंग लावलं. सालाच्या खाली बारीक ठिपके होते, मोहरीच्या दाण्याहून लहान, एका ओळीत. हे ठिपके सहज पडलेले नाहीत. १८६२ हे साल घातलेला रुपया १८७४ पर्यंत पाडला जात होता; बारा वर्षं साल बदललंच नाही. मुंबईच्या टांकसाळीनं मात्र नंतरच्या वर्षांचे साचे ओळखू यावेत म्हणून त्यांत ठिपके घातले. संग्राहकांनी असंख्य रुपये शेजारी शेजारी ठेवून, ठिपके मोजून ही संगती लावली. ग्रहणाच्या वर्षी मुंबईत पाडलेल्या रुपयावर १८६८ शोधून सापडणार नाही. तिथं १८६२ असतं, आणि खरं वय सालाखालच्या ठिपक्यांतून वाचावं लागतं.

असा रुपया घासू नये, हे मला इथं कळकळीनं सांगायचं आहे. चिंच, रांगोळी, राख, आणि आता त्या गुलाबी पावडरी. दिवाळीच्या आदल्या दिवशी आपल्या घराघरांत नाण्यांची जी चकाकी काढली जाते, त्यात पहिल्यांदा जातात ते हे ठिपके. वर्षानुवर्षांत चांदीवर धरलेला काळसर थर म्हणजे नाण्याची कातडी आहे. ती राहू द्यावी. प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतही नाणी ठेवू नयेत. कोकणातल्या पावसाळ्यात त्या पाकिटांना चिकट हिरवा घाम सुटतो आणि तो तांब्यात शिरतो. काकी आता त्यांचे रुपये नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसतात. हळदकुंकू तसंच आहे, आणि ते तसंच असावं.

पुढे सावली जमखंडी, विजापूर ओलांडून गुंटूर, मच्छलीपट्टणकडे गेली. त्या टापूसाठी माझ्याकडे निजामाचा हाली सिक्का आहे, त्यावर फारसं लिहिण्यासारखं मला अजून गवसलेलं नाही. पण सयामचं नाणं बघावं. राजा मोंगकूट स्वतः ग्रहणाचं गणित करणारा. आधी त्याच्या देशात चांदीच्या वाकवलेल्या गोळ्या हेच चलन होतं. १८६० मध्ये त्यानं बर्मिंगहॅमहून यंत्र आणून सपाट नाणी पाडायला सुरुवात केली. एका बाजूला छत्रांच्या मधोमध राजमुकुट, दुसऱ्या बाजूला चक्रात उभा हत्ती. हा राजा ग्रहण बघायला दरबारासह वाको इथल्या जंगलात गेला. त्याचं गणित बरोबर आलं. तिथून परतल्यावर तो मलेरियानं आजारी पडला आणि १ ऑक्टोबर १८६८ ला वारला. त्याचं नाणं मी ट्रेमधून काढतो तेव्हा दोन्ही हातांनी काढतो.

आणि ज्याच्यासाठी ट्रेमध्ये जागा मोकळी ठेवली आहे, ते एक पदक आहे. फ्रान्सच्या सरकारनं ते १८७२ मध्ये पाडलं. दर्शनी बाजूला दोन चेहरे: गुंटूरहून ग्रहण बघणारे पिएर जान्सन आणि इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर. मागे रथात उभा अपोलो सूर्याच्या ज्वालांकडे बोट दाखवतो आहे. खाली मजकूर: सौरज्वालांचं विश्लेषण, १८ ऑगस्ट १८६८. ग्रहण नसतानाही या ज्वाला वर्णपटातून बघता येतात, हे दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं होतं. जान्सननी गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी, लॉकियरनी इंग्लंडात २० ऑक्टोबरला. दोघांचं म्हणणं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचलं, २६ ऑक्टोबरला. पदक आहे ते या पद्धतीचं. हेलियमचा त्यावर उल्लेख नाही, आणि तो असणं शक्यही नव्हतं. सूर्याच्या वर्णपटात दिसलेली एक पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची आहे, हे लॉकियर सांगत होते आणि बहुतेकांना पटत नव्हतं. विल्यम रॅम्झे यांनी तो वायू पृथ्वीवर हाती घेतला तो १८९५ मध्ये.

म्हणजे १८६८ च्या त्या अमावास्येला लॉकियर आमच्या किल्ल्यात नव्हते. १८७१ च्या ग्रहणासाठी ते केरळात बेकलला आले. विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोपर्यंत ते ‘सर’ झाले होते. पौष अमावास्या, पावसाचं नाव नाही, खाडीत मेल्पोमीन ही युद्धनौका नांगरलेली. तिच्यावरच्या अधिकाऱ्यांनी आणि खलाशांनी तालमी करून उपकरणं सांभाळली, प्रभामंडळाची चित्रं काढली. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची.

गावात या दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली आहे. मला वाटतं, दोन्ही सुटी करून सांगितली तर विजयदुर्गाचं काही कमी होत नाही, उलट वाढतं. तीस वर्षांच्या आत दोनदा ती सावली आमच्या तटावरून गेली, असं किती गावांना म्हणता येईल? आणि ज्याचं म्हणणं सत्तावीस वर्षं बहुतेकांना पटत नव्हतं, तो माणूस ते खरं ठरल्यावर, साठी ओलांडल्यावर, पुन्हा सूर्य बघायला इथं आला. एवढं सांगायला मिळत असेल तर दुसरं काही चिकटवायची गरज काय!

म्हणून आता दुसरा ट्रे लावायला घेतला आहे. विजयदुर्ग, मग सोलापूरकडचं जेऊर, जिथं पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला दुर्बीण घेऊन गेले होते, मग वर्ध्याजवळचं पुलगाव. १८९३ मध्ये सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, त्यामुळे १८९८ चा रुपया आधीच्या वर्षांच्या मानानं कमी पाडला गेला. मला तो एका सोनाराच्या मोडीच्या डब्यात मिळाला, मुशीत जायच्या आधी. राणी आता ‘एम्प्रेस’ झालेली, चेहरा मात्र तसाच तरुण. तळाशी मुंबईचा बारीक ‘बी’ आणि साल जसं हवं तसं, १८९८. येत्या हेलियम दिनाला हा रुपया आणि माझ्याकडचा ठिपक्यांचा १८६२ असे दोन्ही किल्ल्यात नेणार आहे. मुलांच्या हातात भिंग द्यायचं आणि विचारायचं, यातला कुठला रुपया आपलं वय खरं सांगतो?