चिमणीची टोपी

चिमणी म्हटलं की मराठी माणसाला तीन गोष्टी आठवतात. एक अंगणातली, दाणे टिपणारी. दुसरी, लाइट गेल्यावर आजी पेटवायची ती रॉकेलची. आणि तिसरी, छपरावर उभी राहून धूर सोडणारी. पहिल्या दोघींचं कौतुक बालवाडीपासून चालू आहे. तिसरीच्या वाट्याला ते फारसं आलं नाही आणि तिच्या डोक्यावरच्या टोपीच्या वाट्याला तर अजिबातच नाही. "मॅगझिनसाठी चिमणीच्या टोपीवर लिहितोय," असं सांगितल्यावर माझ्या रूम पार्टनरने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या अपुऱ्या जर्नलकडे पाहिलं. तरीही लिहितोय, कारण आपल्या मेसमध्ये गेल्या पावसाळ्यात डोळे न चोळता जेवता आलं ते या टोपीमुळे.

मेसच्या मागची चूल सगळ्यांना ठाऊक आहे. भाजी-आमटी गॅसवर होते, पण आंघोळीचं पाणी आणि मोठ्या पातेल्यातला भात लाकडावर. उन्हाळ्यात सोलरचं पाणी मिळतं. पावसाळ्यात सोलर रुसतो आणि सगळा भार चुलीवर येतो. म्हणजे चिमणीला सर्वांत जास्त काम पडतं ते नेमकं तिचे हाल होतात त्याच चार महिन्यांत.

कोकणातल्या जुन्या घरांना चिमणी नव्हतीच. धूर चुलीवरच्या माळ्यातून फिरत कौलांच्या फटींतून निघून जायचा. जाता जाता वाशांची कीड मारायचा, माळ्यावरची कोकमं आणि सुकी मासळी कोरडी ठेवायचा. घरच्या बाईचे डोळे आणि फुप्फुसं मात्र त्याची किंमत मोजायची. १९८० च्या दशकात सरकारच्या निर्धूर चूल योजनेत गावोगाव सिमेंटच्या पाइपाची चिमणी आली आणि पाइपाच्या डोक्यावर टोपीही आली. आपल्या मेसची चिमणी त्यापेक्षा दणकट: बाहेरून ६० सेंटिमीटर चौरस चिऱ्याचं बांधकाम, आत ३०० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप, उंची जवळजवळ ५ मीटर. माथ्यावर सिमेंटचा उतरता थर, त्यावर तीन पायांची पत्र्याची टोपी.

त्याआधीच्या पावसाळ्यात ही चिमणी उलटी चालायला लागली. धूर वर जाण्याऐवजी स्वयंपाकघरात. मेसच्या काकूंनी तक्रार केली नाही, खोकल्या मात्र खूप. नाकाला ओला पदर लावून त्या सकाळी पाचला चूल पेटवायच्या. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंगही नाही आणि वासही नाही, हे आपण केमिस्ट्रीत मार्कांपुरतं वाचतो. पण दारं लावून बसलेल्या त्या खोलीत तो पाच मार्कांचा प्रश्न राहत नाही. दर मे महिन्यात त्या माथ्यावर गिलाव्याचा एक हात फिरायचा आणि टोपीला रंग लागायचा. तीन वर्षं असंच चाललं होतं. चौथ्या वर्षीही तेच ठरत होतं, तेव्हा आमच्या सरांनी ते काम थांबवून आम्हा चौघांना मिनी प्रोजेक्ट म्हणून दिलं. अट एकच: मृगाच्या आत पुरं झालं पाहिजे. परीक्षा मे महिन्यात, मृग ७ जूनला. हिशेब तुम्हीच करा.

आम्ही शिडी लावून वर गेलो. बरोबर एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी खिशातून हातोडी काढली आणि माथ्यावर टक टक करत फिरवली. जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने फुली मारली. सगळा माथा फुल्यांनी भरला. म्हणजे वरचा थर खालच्या चिऱ्यापासून केव्हाच सुटला होता आणि दर वर्षीचा गिलावा त्या सुटलेल्या थरावर चढत होता. मी भेगा भरायच्या मसाल्यांची नावं सांगायला लागलो, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "झिला, आधी पाणी खंयसून येता तां बघ. मगे सिमेंट घाल." आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं पहिलं प्रकरण त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

मग आम्ही पाणी कुठून येतं ते बघितलं. तीन दोष सापडले.

पहिला दोष आकाराचा. माथा भिंतीच्या कडेला बरोबर संपत होता, पुढे आलेलाच नव्हता. घराला वळचण नसेल तर पागोळ्या भिंतीवरूनच ओघळणार. आपल्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो सगळा माथ्यावरून चिऱ्यात. जांभा पाणी पितो, चिमणीची भिंत आतून ओली राहते आणि पाइप थंड पडतो. चिमणी चालते ती आतली हवा गरम आणि हलकी असते म्हणून. ती उष्णता पाणी सुकवण्यातच खर्च झाली तर धुराला वर ओढणार कोण?

दुसरा दोष बांधून ठेवण्याचा. सिमेंट थेट पाइपाला चिकटवलं होतं. पण पाइप गरम झाला की वाढतो. लोखंडाचा एक मीटर दर अंश सेल्सिअसला सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतो. ५ मीटर पाइप आणि १५० अंशांची वाढ धरली तर ९ मिलिमीटर! रोज सकाळी पाइप ९ मिलिमीटर वर येऊ पाहतो, रात्री खाली जातो, आणि त्याच्या गळ्यात सिमेंटची घट्ट कॉलर. भेग पडली नसती तरच नवल. ती भरली की दुसऱ्या दिवशी चूल पेटते आणि भेग पुन्हा हजर.

तिसरा दोष हवेचा. टोपी होती जस्ताच्या पत्र्याची. वरून पाहिलं तर रंग ठीक होता. खालून हात लावला तर पत्र्याची जाळी झालेली. आम्हाला कोडं पडलं: पाऊस वर पडतो, मग गंज खाली कसा? उत्तर सरांनी दिलं. वाऱ्याबरोबर समुद्राचं मीठ दोन्ही बाजूंना बसतं. वरचं पाऊस धुऊन नेतो, खालचं तिथेच राहतं. मिठाचा गुण असा की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं. घरातल्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं, तेच इथे पत्र्यावर. शिवाय लाकडाच्या धुरातली आम्लं खालूनच येणार. रंगाचा हात दर वर्षी फिरायचा तो वरून, जिथे त्याची गरज सर्वांत कमी. शेवटी एक पाय गंजून तुटला, टोपी कलंडली आणि पाइपाचं तोंड अर्धं झाकलं गेलं.

आता दुरुस्ती की बदल? यावर चौघांत दोन दिवस वाद झाला. शेवटी ठरलेला नियम तुमच्याही उपयोगाचा आहे. माथा भरीव वाजत असेल, पुढे आलेला असेल आणि भेगा केसासारख्या बारीक असतील, तर तो साफ करून वर लवचीक जलरोधक लेप द्यावा, फोडू नये. बद्द वाजत असेल किंवा त्याला वळचणच नसेल, तर काढून नवा करावा. टोपीचा नुसता रंग गेला असेल तर घासून दोन्ही बाजूंनी रंगवावी. भोक पडलं असेल तर ठिगळ लावू नये. आपल्याकडे दोन्ही उत्तरं 'बदल' अशीच आली. पाइपाचं वरचं टोकही चाळणी झालेलं, म्हणून तोही बदलायचा ठरला.

नवा माथा आम्ही ७५ सेंटिमीटर चौरस ठेवला, म्हणजे चारही बाजूंना साडेसात सेंटिमीटर वळचण. कडेला जाडी ७५ मिलिमीटर, मध्याकडे १२०, म्हणजे पाणी थांबायला जागाच नको. वळचणीच्या खालच्या अंगाला सेंटरिंगमध्ये एक लाकडी पट्टी ठोकून खाच पाडली. भिंतीकडे परत येणारं पाणी त्या खाचेपाशी अडतं आणि पागोळी होऊन खाली पडतं. सळई घालायची का, यावर सरांनी आय.एस. ४५६ : २००० उघडायला लावलं. त्यात किनारपट्टीची हवा 'तीव्र' वर्गात येते आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण मागितलेलं आहे. आमची कडच ७५ मिलिमीटरची! गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागते आणि आतून काँक्रीट फोडते. एवढ्याशा माथ्याला ताकदीसाठी सळईची गरजच नव्हती. तेव्हा ती न घातलेलीच बरी, असं ठरलं. भेगा आवरायला प्रयोगशाळेतले पॉलिप्रॉपिलीनचे तंतू घातले.

खरं भांडण झालं ते पाण्यावरून. सिमेंट लागणार होतं साधारण १६ किलो, म्हणजे गोणीचा तिसरा हिस्सा. ०.४५ च्या प्रमाणात पाणी ७.२ लिटर, त्यातही वाळूतला ओलावा वजा करायचा. मिस्त्रींच्या मते हा माल नव्हता, कोरडा भुगा होता. ते डबा घेऊन पाण्याकडे निघाले, आम्ही डबा धरून ठेवला. शेवटी प्लास्टिसायझर टाकल्यावर तोच माल लोण्यासारखा वळला, तेव्हा ते फक्त "हूं" म्हणाले. मग पारडं फिरलं. आम्ही आणलेल्या वाळूची चिमूट त्यांनी जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. खाडीची वाळू, खारट! ती परत गेली आणि धुतलेली क्रश सँड आली. एक धडा त्यांनी शिकला, एक आम्ही. फिटंफाट.

काँक्रीट चिऱ्याला चिकटू नये म्हणून मध्ये जाड प्लास्टिकचा कागद घातला. पाइपाभोवती फट ठेवून तिच्यात काचतंतूंचा दोर भरला, आणि फटीवर पाणी पडू नये म्हणून पाइपालाच छत्रीसारखी उतरती कॉलर बसवली. पाइप वर-खाली होतो, कॉलर त्याच्याबरोबर फिरते, माथ्याला धक्का नाही. ओलं गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारलं. मे महिन्यातल्या दुपारी कौलांवर चढून पाणी मारणं म्हणजे काय, ते मारणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या ग्रुपमध्ये त्यासाठी व्हायव्हाच्या नंबराप्रमाणे पाळ्या लावल्या होत्या.

टोपीसाठी स्टेनलेस स्टील घ्यायचं ठरलं. फॅब्रिकेटर म्हणाला, "एसएस म्हणजे एसएस, हे बघा मॅग्नेट चिकटत नाही." पण चुंबक ३०४ लाही चिकटत नाही आणि ३१६ लाही. फरक आहे तो ३१६ मधल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा, आणि खाऱ्या हवेत टिकतं ते त्याच्यामुळेच. ३०४ वर किनाऱ्याजवळ चहासारखे तपकिरी डाग पडतात. प्रयोगशाळेतून थेंबाने ओळखायचं रसायन नेलं, तेव्हा खरा पत्रा निघाला. बोल्टसुद्धा ३१६ चेच घेतले. मोठ्या स्टेनलेस टोपीला छोटे जस्ताचे बोल्ट लावले, तर मोठा कॅथोड आणि छोटा अॅनोड होतो आणि बोल्ट आधी जातात. शेजारी साधं लोखंड कापलं जात होतं, तेही थांबवलं, कारण त्याच्या ठिणग्या स्टेनलेसवर बसल्या की तिथेच गंज धरतो.

टोपी किती उंच? धुराला बाजूने मिळणारी जागा पाइपाच्या तोंडाइतकी तरी हवी. गणित सोपं आहे: उंची किमान व्यासाच्या चौथ्या भागाइतकी, म्हणजे ७५ मिलिमीटर. जाळी आणि काजळी धरून आम्ही १५० ठेवली. नैर्ऋत्येचा पाऊस आडवा मारतो, म्हणून टोपीचा घेर मोठा केला. जाळी पाऊण इंची: बारीक घेतली तर काजळीने बुजते, मोठी घेतली तर पहिल्या प्रकारची चिमणी तिसऱ्या प्रकारच्या चिमणीत घरटं करते.

३ जूनला टोपी बसली. सातव्या दिवशी पाऊस आला, तोही वाऱ्यासकट. आम्ही चौघे छत्र्या घेऊन मेसच्या मागे उभे. माथ्याच्या चारी कडांवरून पागोळ्या सरळ खाली पडत होत्या, भिंतीपासून चार बोटं लांब. वर धूर वाऱ्याने मोडत होता, पण निघत होता. आत गेलो तर काकू भात ढवळत होत्या. पदर खांद्यावर होता, नाकावर नव्हता. म्हणाल्या, "उभे काय राहिलात? चहा घ्या." आमचा प्रोजेक्ट तिथेच पास झाला. परीक्षकांनी नंतर दिलेले मार्क बोनस.

या कामात नवं असं काही नव्हतं. पाणी भिंतीपासून दूर फेका, हलणाऱ्याला हलू द्या, हवेला झेपेल तोच धातू वापरा. हे तिन्ही आपल्या पुस्तकांत आहे आणि मिस्त्रींच्या डोक्यातही. मग तीन वर्षं गिलावा का फिरत राहिला? मला वाटतं, बिघाड होता छपरावर, जिथे कुणी जात नाही, आणि त्रास होता चुलीपाशी, जिथे एकटी बाई बसते. काम पास करणाऱ्याच्या डोळ्यांत धूर गेलाच नाही. उद्या आपणही पूल, टाक्या, इमारती पास करणार आहोत. सही करण्याआधी एकदा चुलीपाशी बसून यावं, एवढंच मला यातून कळलं.

शेवटी एक विनंती. टोपी नवी असली तरी समुद्र जुनाच आहे. मे आणि ऑक्टोबरमध्ये वर चढून माथा वाजवायचा, जाळीतली काजळी झाडायची, टोपीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवायची. तासाभराचं काम आहे. देखभाल रजिस्टरमध्ये तशी नोंद केली आहे, पण आम्ही चौघे यंदा पास आऊट होतोय. तेव्हा शिडी धरायला सेकंड इयरची चार मुलं हवी आहेत. चहा काकूंकडे.

— अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी